रुची आणि निर्णय : मराठी रॅपच्या समीक्षेचा एक प्रश्न

१

कलाकृती आवडणे आणि कलाकृती चांगली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र समीक्षाशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पाठात सापडते. तथापि एखादा नवा कलाप्रकार समोर येतो, तेव्हा प्रथम विसर पडतो तो याच सूत्राचा. जुन्या प्रकारांच्या बाबतीत पिढ्यांनी घडविलेली परिभाषा समीक्षकाच्या हाताशी असते. तिच्या आधारे तो आपली आवड बाजूला ठेवू शकतो, निदान ठेवल्याचे भासवू शकतो. नव्या प्रकाराजवळ अशी परिभाषा नसते. मग 'आवडले' आणि 'आवडले नाही' हे दोनच उद्गार उरतात आणि त्यांनाच निर्णयाची प्रतिष्ठा दिली जाते. मराठी रॅपविषयी आज जे बोलले व लिहिले जाते, त्याची अवस्था बऱ्याच अंशी अशी आहे.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅपगीतावरून मोठा वाद उद्भवला. गीतातील शिव्या, चित्रणातील शस्त्रे आणि वास्तूची प्रतिष्ठा यांवर चर्चा झाली. पोलिसांत गुन्हाही नोंदविला गेला. त्याच महिन्यात राजकीय आशयाच्या रॅपगीतांवरूनही राज्यात गुन्हे नोंदविले गेले. परवानगीचा आणि कायद्याचा प्रश्न आपल्या जागी होताच. परंतु ती रचना रचना म्हणून कशी आहे, ती शिवी तेथे का आली आहे, ती काढली तर ओळीचे काय होईल, हे प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी कधीच आले नाहीत. पाठिंबा देणाऱ्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला, विरोध करणाऱ्यांनी सभ्यतेचा. समीक्षेची जागा रिकामीच राहिली. ती रिकामी राहिली की तेथे पोलीस आणि पुढारी येऊन बसतात, एवढा बोध त्या प्रसंगातून घ्यावयास हरकत नाही.

२

प्रथम 'अंडरग्राउंड' या विशेषणाचा विचार करणे आवश्यक आहे. 'भूमिगत' हा त्याचा मराठी पर्याय १९४२ च्या चळवळीची आठवण करून देतो. तेथे भूमिगत असणे म्हणजे सरकारच्या दृष्टीआड राहणे होते. हिप-हॉपमध्ये हा शब्द बाजाराच्या संदर्भात येतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क यांनी एका इमारतीच्या सभागृहात वाजविलेल्या तबकड्यांपासून या चळवळीचा आरंभ मानला जातो. पुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तिला बाजारात आणले, तेव्हा त्या व्यवस्थेबाहेर राहून रचना करणाऱ्यांना हे विशेषण लागले. भारतात नेझी यांचे 'आफत' २०१४ मध्ये आणि डिव्हाइन व नेझी यांचे 'मेरे गली में' २०१५ मध्ये आले. या दोघांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि वस्तीतील हा आवाज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचला. पुणे स्टेशनालगतच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅन यांचा 'तडीपार' हा संग्रह २०२० चा. २०२३ च्या फेब्रुवारीत ते 'बिग बॉस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे विजेते ठरले. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने मराठीसह अनेक भाषांत रचना केल्या. त्याच गटातील, मूळचे अमरावतीचे सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलीत रॅप करतात. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' परदेशी नृत्यसंगीताच्या कंपनीमार्फत निघाले आणि मराठी न जाणणाऱ्यांच्याही तोंडी बसले.

या दहा वर्षांच्या प्रवासात श्रोत्यांच्या रुचीचा एक विशेष स्पष्ट दिसतो. रचना थोड्यांनाच ठाऊक असेतो तिचे चाहते तिला अस्सल म्हणतात. ती सर्वांना ठाऊक झाली की तेच चाहते कलावंत विकला गेल्याची तक्रार करतात. दोन्ही वेळी रचनेतील एक अक्षरही बदललेले नसते. बदललेला असतो तो श्रोत्याचा तिच्यावरील मालकीचा हक्क. याच्या उलट दुसरा वर्ग लोकप्रियता हेच प्रमाण मानतो: लाखो लोकांनी ऐकले, त्या अर्थी त्यात काही असलेच पाहिजे. हे दोन्ही पक्ष श्रोत्यांची संख्या मोजतात. एकाला ती लहान हवी, दुसऱ्याला मोठी. रचनेकडे मात्र दोघांचीही पाठच असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बुर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात रुची ही सामाजिक भेद दाखविण्याचे साधन असते, असे प्रतिपादन केले. ते उच्चभ्रूंच्या संगीतरुचीला जितके लागू पडते, तितकेच भूमिगत संगीताच्या चाहत्यांनाही लागू पडते.

३

रुचीच्या या अडथळ्यांचा सूक्ष्म विचार भारतीय काव्यशास्त्रात पूर्वीच झालेला आहे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. नाट्यासाठी केलेले हे विवेचन रॅपसारख्या प्रकाराला जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु त्यांपैकी तीन विघ्ने प्रस्तुत प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात.

पहिले विघ्न देशकालविशेषावेशाचे. समोरचा अनुभव अमुक एका स्थळाचा, अमुक एका व्यक्तीचा, आपला किंवा परक्याचा, अशी जाणीव प्रबळ झाली की आस्वाद खुंटतो. आपल्या वस्तीचे नाव गीतात आले म्हणून ते श्रेष्ठ वाटणे आणि ते वस्तीचे आहे म्हणूनच हीन वाटणे, ही याच विघ्नाची दोन रूपे होत. सुशिक्षित समीक्षकात ते तिसऱ्या, अधिक प्रतिष्ठित रूपात आढळते: रॅपला सामाजिक दस्तऐवज मानून त्याची स्तुती करणे. 'स्वदेसी'ने वारली लोकगायक प्रकाश भोईर यांच्याबरोबर २०१९ मध्ये केलेली 'द वारली रिव्होल्ट' ही रचना आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर आहे. तिच्याविषयी लिहिताना बाजू न्याय्य आहे एवढे सांगून थांबणे सोपे असते. पण बाजू न्याय्य असणे हा पत्रकाचाही गुण असू शकतो. लोकगायकाचा आवाज आणि रॅपकाराचा आवाज एकमेकांशेजारी ठेवल्याने काय घडते, एक दुसऱ्याची केवळ पार्श्वभूमी होतो की दोघांत खरा संवाद साधला जातो, हा प्रश्न समीक्षेचा आहे. तो न विचारणे हा त्या कलावंतांचा सन्मान नव्हे. त्यांना कलावंत म्हणून तपासण्याचे श्रम टाळणे होय.

दुसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे: श्रोता स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की समोरच्या कृतीकडे त्याचे चित्त लागत नाही. रात्रपाळी करून परतणाऱ्या तरुणाला एखादे गीत जवळचे वाटते, कारण त्या थकव्यात ते त्याने शंभरदा ऐकलेले असते. हा अनुभव खराच आहे, मोलाचाही आहे; मात्र तो श्रोत्याच्या चरित्रातील प्रसंग आहे, गीताचा गुण नव्हे. त्याच गीताचा गुण कोणता, हे सांगावयाचे तर शंभरदा ऐकूनही ते का विटले नाही, याचे कारण रचनेत दाखवावे लागेल.

तिसरे विघ्न प्रतीत्युपायवैकल्याचे, म्हणजे आकलनाची साधनेच अपुरी असण्याचे. विद्यापीठीय समीक्षेला हे विघ्न सर्वांत अधिक ग्रासते. या संदर्भात मराठीतच एक आदर्श आहे. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकर यांनी लिहिली. अनेक शब्द आपल्याला ठाऊक नव्हते, ते कवीकडून समजून घ्यावे लागले, हे त्यांनी लपविले नाही. प्रस्थापित लेखकाने नवोदित कवीसमोर विद्यार्थी व्हावे, ही गोष्ट नम्रतेपेक्षा पद्धतीची म्हणून महत्त्वाची आहे. न कळलेल्या शब्दावर निर्णय देता येत नाही. मग तो शब्द अश्लील ठरविण्याचा निर्णय असो की क्रांतिकारक ठरविण्याचा.

४

विघ्ने दूर झाली म्हणजे निर्णय आपोआप हाती येतो, असे मात्र नाही. त्यासाठी दुसऱ्या श्रोत्याला स्वतःच्या कानाने पडताळता येतील अशी कारणे द्यावी लागतात. डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात रुचीच्या अधिकारी परीक्षकाकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्ती यांची अपेक्षा केली, ती याचसाठी. मराठी संगीतसमीक्षेलाही ही परंपरा अपरिचित नाही. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने समकालीन गायकांवर लिहिले, तेव्हा आवडनिवड न लपविताही आवाजाच्या आणि गायकीच्या वर्णनावर त्यांनी आपली मते उभी केली. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. स्वर आणि लय अशी दोन टोके कल्पून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराण्याला स्वराच्या आणि आग्र्याला लयीच्या टोकाशी ठेवून जयपूर घराण्याला त्यांनी समतोलाचे मधले स्थान दिले. ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूर गायकी शिकलेले होते, तेव्हा त्यांच्या निष्कर्षामागील रुची कोणालाही ओळखू यावी. तरीही तो ग्रंथ टिकला. त्यांचा निष्कर्ष अमान्य करणाऱ्यालाही वाद घालण्यासाठी स्वर-लयीचे तेच माप उपयोगी पडते. समीक्षकाला रुची असणे हा दोष नाही. रुचीखेरीज काहीच नसणे हा दोष होय.

मराठी रॅपसाठी असे माप कोठून मिळवावे? 'रॅप म्हणजे आमचा पोवाडाच' असे म्हणण्याची प्रथा पडू लागली आहे. हा गौरव दिसावयास उदार असला, तरी त्यात दोन्ही प्रकारांवर अन्याय होतो. पोवाडा मुख्यतः दुसऱ्याच्या पराक्रमाचे कथन करतो, रॅपचा निवेदक बहुधा स्वतःविषयी बोलतो. पोवाड्यात झीलकऱ्यांची साथ कथनाला पुढे नेते, रॅपमध्ये एकच आवाज यांत्रिक ठेक्याशी झुंजत असतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी कल्पिल्या, त्यांत लोकसंगीत, जनसंगीत आणि संगमसंगीत यांचा भेद केला आहे. रॅप जनसंगीताच्या यंत्रणेतून येतो, लोकसंगीताची भाषा बोलतो आणि परदेशी घाटात उतरतो. त्याला पूर्वज शोधून देण्यापेक्षा त्याची रचना तपासणे अधिक फलदायी ठरेल.

रॅपचे एक कडवे प्रायः सोळा आवर्तनांचे असते आणि प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे. मिनिटाला नव्वद मात्रांची लय धरली, तर असे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. प्रत्येक मात्रेचे चार भाग केल्यास एका आवर्तनात सोळा अक्षरांना जागा होते. आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा लहान अभंगही सोळा अक्षरांचा असतो. हे साम्य मोहात पाडणारे आहे. परंतु भेदही तेथेच दिसतो. छंदात 'घर' या शब्दाची दोन अक्षरे मोजली जातात. बोलण्यात अंत्य 'अ' लोपतो आणि एकच बंद अवयव उरतो. अभंग गाताना स्वर लांबवून ती जागा भरता येते. रॅप बोलीच्या उच्चारावर उभा असल्याने तेथे व्यंजनाचा आघात शिल्लक राहतो. हा आघात ठेक्याच्या आघातावर आणणे, मुद्दाम किंचित पुढे-मागे करणे, की नुसताच कोठेतरी पडू देणे, यात रचनाकाराचे कौशल्य किंवा त्याचा अभाव प्रत्यक्ष ऐकता येतो. 'फ्लो' या शब्दाने जे सुचविले जाते, त्याचा मराठीपुरता मोठा भाग यात सामावलेला आहे.

यमकाचा प्रश्नही असाच मराठीचा स्वतःचा आहे. विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे यांमुळे मराठीत 'घरात–दारात–गावात' किंवा 'जातो–येतो–खातो' अशी यमके अनायास जुळतात. येथे प्रत्यय जुळतो, शब्द जुळत नाही. 'चाकण–राखण–झाकण' किंवा 'भोसरी–ओसरी' या जुळणीत मूळ शब्दच परस्परांवर आदळतात आणि अर्थाचेही नाते सुचविले जाते. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांअखेर यमक येते आणि चौथा चार अक्षरी चरण मोकळा राहतो. अपेक्षा पूर्ण करून मग ती मोडण्याची ही युक्ती संतांना साधली होती. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा जो विचार केला, त्याला येथे चांगले कार्यक्षेत्र आहे. चार आवर्तने केवळ प्रत्यययमकावर चालणारे कडवे संवादातच अडकून पडते; त्यात विरोध नसतो, म्हणून समतोलही नसतो. ते आवडणाऱ्या श्रोत्याची आवड त्यामुळे खोटी ठरत नाही. मात्र त्याला उत्तरादाखल काहीतरी दाखवावे लागते, आणि तेथूनच चर्चेला प्रारंभ होतो.

५

या प्रश्नाला पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात विशेष महत्त्व प्राप्त होते. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचे उत्पादन सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर होती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथील आणि उत्तरेकडील राज्यांतील माणसे येथे एकाच यंत्राजवळ उभी राहतात. एका बाजूस देहू आणि दुसऱ्या बाजूस आळंदी, अशा या भूमीत मराठी काव्यभाषेचे दोन मोठे उगम आहेत. आणि कारखान्याच्या फाटकाशी जी भाषा बोलली जाते, तीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एका वाक्यात नांदतात.

या मिश्रणाकडे भाषेची भ्रष्टता म्हणून पाहणे आणि ते जिवंतपणाचे लक्षण म्हणून डोक्यावर घेणे, या दोन्ही प्रतिक्रिया रुचीच्या पातळीवरच्या आहेत. समीक्षेचा प्रश्न प्रत्येक ओळीपुरता असतो: येथे भाषा का बदलली? 'पाळी'ऐवजी 'शिफ्ट' आले, ते अधिक नेमके म्हणून, बोलणाऱ्याची जागा दाखविण्यासाठी म्हणून, की केवळ यमक जुळावे म्हणून? एमसी स्टॅन यांच्या पुणेरी हिंदीत मराठी शब्द येतात, ते सर्वत्र सारख्याच प्रयोजनाने येतात, असे गृहीत धरता येणार नाही. शिवीचेही तसेच. ती पात्राच्या तोंडची आहे, निवेदकाची आहे, की मोकळ्या राहिलेल्या मात्रेत भरलेले अक्षर आहे, हे ठरविता येते. ठरविल्यावर तिचा निषेध करावयाचा की समर्थन, हे ज्याने त्याने पाहावे. पण मग निषेधाला आणि समर्थनालाही काही वजन येईल.

वर्गात याचा परिणाम दूरवर पोहोचतो. या पट्ट्यातून येणारा विद्यार्थी एक रुची घेऊन येतो आणि वर्गात दुसरी शिकतो. पहिलीविषयी त्याला लाज वाटते किंवा दुसरीविषयी त्याच्या मनात अढी बसते. दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचे प्रश्न विचारता येतात, हे त्याला दिसले, तर अभंगाच्या यमकाकडे तो आपल्या कानाने पाहू लागेल आणि आपल्या आवडत्या रॅपकाराच्या उणिवाही त्याला ऐकू येऊ लागतील. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच आवश्यक आहे.

६

नव्या प्रकाराच्या समीक्षेने निर्णय घाईने देऊ नये, असा सावध सल्ला नेहमी दिला जातो. तो पूर्णतः मान्य करता येत नाही. 'द सोर्स' हे अमेरिकन नियतकालिक १९८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या पत्रकातून सुरू झाले. १९९४ मध्ये नास या तरुण रॅपकाराचा 'इलमॅटिक' निघाला, तेव्हा त्याच्या एका नवख्या परीक्षिकेने त्याला पाचपैकी पाच गुण दिले. विक्रीचे आकडे त्या वेळी तिच्या बाजूला नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. तिचा निर्णय धाडसाचा होता, आणि पुढील ऐकणाऱ्यांनी तो आपापल्या कानांनी पडताळून पाहिला. गुणांचा आकडा स्वतः काहीच सिद्ध करीत नाही. तो इतरांना पडताळणीचे आव्हान मात्र देऊ शकतो. कांटने रुचिनिर्णयाचे जे वैशिष्ट्य सांगितले, ते याच्याशी सुसंगत आहे: तो सिद्ध करता येत नाही, तथापि तो सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो.

मराठी रॅपच्या बाबतीत ही अपेक्षा अद्याप कोणी धरलेली दिसत नाही. वृत्तपत्रे कलावंताची जीवनकथा सांगतात, चाहते निष्ठा व्यक्त करतात, टीकाकार भाषेची काळजी वाहतात. पदव्युत्तर विभागांना येथे करण्याजोगे काम साधे आहे. रचनांच्या संहिता उच्चारानुसार लिहून काढाव्यात, आवर्तनांत त्यांची मांडणी करावी, अपरिचित शब्दांचे अर्थ रचनाकारांना व श्रोत्यांना विचारून नोंदवावेत, आणि मग दोन विद्यार्थ्यांनी एकाच कडव्यावर परस्परविरोधी परीक्षणे लिहावीत. त्यांच्यात एकमत होण्याची आवश्यकता नाही. ज्या ओळीवर त्यांचा मतभेद आहे, ती दोघांना बोट ठेवून दाखविता आली, म्हणजे कामाला सुरुवात झाली असे समजण्यास प्रत्यवाय नसावा.